बिननावाची नाव

सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते येतं त्या दिवशी जुळे सोलापुरातली आमची गल्ली पहाटेपासून बादल्या, पिंपं आणि मोटारींच्या आवाजानं भरून जाते. अशा गल्लीत, आमच्या भिंतीला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटवर, सिद्धाप्पा लवटे यांची शिडाची बोट कित्येक वर्षं उभी होती. येणारा-जाणारा थांबायचा, आणि थांबला की बोलल्याशिवाय पुढे जायचा नाही.

"आप्पा, उद्या पाणी सुटणारंय. आमच्या हौदात सोडता का हिला?"

"किती खोल हाय तुजा हौद? मला कमरंएवढं तरी लागंल," आप्पा वर न बघता म्हणायचे आणि पॉलिशपेपर घासत राहायचे.

सत्तरीला टेकलेला माणूस. उंच, वाळलेला, मनगटं मात्र दोरखंडासारखी. गल्लीतून दूध आणायला निघाले तरी पाय फाकवून, जरा थांबत टाकायचे. पायाखालचा रस्ता कधीही हलेल अशा बेतानं.

आप्पा मूळचे सांगोला तालुक्यातले, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातले. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं, कुत्री, घोडी आणि घोडीच्या पाठीवर बांधलेला सगळा संसार, घाट उतरून कोकणात जायचा. तिथं एका खाडीच्या काठी मेंढरं चारताना, मिसरूड न फुटलेल्या सिद्धाप्पानं शिडाचा मचवा पाहिला. एक माणूस निवांत बसलेला, हात नुसता सुकाणूवर, आणि एवढं मोठं धूड वाऱ्यावर चाललेलं. ते सांगायचे, "आमी चालून चालून टाचा झिजवत हुतो, आनि ह्यो गडी घर घिऊन बसल्या जागी चाललाय. म्हनलं, आपुन उगंच चालतोय की." त्या वर्षी वाडा घाट चढून परत आला तेव्हा त्यात एक माणूस कमी होता.

आधी मचव्यावर, मग गोव्यात बड्या लोकांच्या हौसेच्या बोटी राखायला, मग मोठ्या जहाजांवर खलाशी. एकदा त्यांनी गावातल्या दुकानात फोन करून निरोप दिला की काल नांगर टाकला, तब्येत बरी आहे. त्यांचे वडील बिरुदेव यांनी पोरानं परमुलखात जमीन घेतली असं गावभर सांगितलं. पुढं कित्येक दिवस लोक विचारायचे, पीक काय धरलंय म्हणून. म्हातारा सांगायचा, "अजून कळवलं न्हाय त्यानं."

जहाजाची नोकरी पोटासाठी. जीव अडकलेला होता तो शिडाच्या छोट्या बोटीत, जिच्या पोटात दोन माणसं झोपू शकतात, एक शेगडी मावते आणि जी घेऊन कुठल्याही खाडीत शिरता येतं. लोक अशा बोटी हौसेनं घेतात आणि हौस फिटली की खाडीत कुजत सोडून देतात. आप्पा सुट्टीवर आले की अशी टाकलेली बोट शोधत हिंडायचे. पहिली लाकडाची होती. फळ्याफळ्यांमधल्या फटीत कापूस ठोकून, वर डांबर भरून त्यांनी ती तरती केली. चार पावसाळे ती चालली, मग पाण्यातल्या किड्यानं तिला आतून पोखरलं.

दुसरीचं वेगळंच. तिच्या पहिल्या मालकानं तिला आपल्या बायकोचं नाव दिलेलं होतं. परक्या बाईच्या नावाच्या बोटीत झोपणं आप्पांना बरं वाटेना. त्यांनी ते नाव पुसून 'सांगोला' असं लिहिलं. देवगडचा एक म्हातारा तांडेल, बोटीवरचा मुख्य खलाशी, तेव्हा त्यांना म्हणाला होता की बोटीचं नाव एकदा पाण्याला कळलं की ते पुसू नये, पाणी ओळख विसरतं. आप्पा हसले. पहिल्याच फेरीत मालवणसमोर डोलकाठी बुडातून मोडली आणि शिडासकट त्यांच्या खांद्यावर आली. तेव्हापासून तो खांदा पूर्ण वर जात नाही. देवळात हात जोडायचा कंटाळा करणारा हा माणूस तेवढी एक गोष्ट मात्र मानायला लागला.

हे सगळं मला सांगितलं ते मायाक्काकाकूंनी, आप्पांच्या बायकोनं, मेथी निवडता निवडता. डोलकाठी पडते तो प्रसंग त्या पळी हातात घेऊन करून दाखवायच्या आणि शेवटी हसायच्या. "नाव पुसलं म्हून काठी पडली म्हनं. लाकूड कुजलं हुतं, ते न्हाय सांगनार."

काकू मंगळवेढ्याकडच्या, त्याही मेंढरामागच्याच. त्यांचं लहानपण रोज सकाळी संसार घोडीवर बांधण्यात आणि संध्याकाळी उतरवण्यात गेलेलं. लग्न ठरताना त्यांनी एवढंच मागितलं होतं की जिथनं उठावं लागणार नाही असं घर पाहिजे. आप्पांनी जुळे सोलापुरात दोन खोल्या बांधून दिल्या आणि स्वतः नऊ-नऊ महिने पाण्यावर राहिले. मुलगी महानंदा बापाला ओळखायला लागायची तोवर त्याची सुट्टी संपायची. "घर बसलं, पर मानूस उठून गेला," काकू म्हणायच्या. आप्पांनी त्यांना शब्द दिला होता की नोकरी सुटली की एक बोट दोघांसाठी करीन. थंडीचे चार महिने पाण्यावर, उरलेले तुझ्या घरात. महानंदा लग्न होऊन पुण्याला गेली, आप्पा कायमचे घरी आले, आणि काकूंनी तो शब्द बाहेर काढला. त्या कधी कशाचा तगादा लावणाऱ्या नव्हेत. एवढंच म्हणाल्या, "मंग? कुटं हाय माजी बोट?"

ती अलिबागच्या बाजूला एका खाडीच्या काठी गवतात सापडली. फायबरची, विलायती घडणीची, आणि तिच्या पोटाखाली एकाच्या जागी दोन पंख. पाणी ओसरलं तरी ती आडवी पडत नाही, चिखलात सरळ उभी राहते. आप्पांनी तिला बघताच घेतलं. उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात कुठल्या कुठं मागं जातं आणि बोट तर उजनीतच राहायची होती. "मेंढरावानी सवताच्या पायावर हुबी ऱ्हाती," ते कौतुकानं सांगायचे. तिचं जुनं नाव उन्हात कधीच उडून गेलं होतं, विकणाऱ्यांनाही ते आठवत नव्हतं. आप्पांना त्याचं हायसं वाटलं. जे कुणालाच आठवत नाही ते सुटलं, असं त्यांनी धरलं.

मग ती आमच्या शेजारी प्लॉटवर आली. फुगलेलं फायबर खरवडणं, नवे थर चढवणं, कुजलेली फळी काढून सागवान बसवणं, सगळं आप्पा एकटे करायचे. संध्याकाळी काकू शिडीवरून चहाचा तांब्या घेऊन वर चढायच्या आणि दोघं त्या न हलणाऱ्या बोटीत बसायचे. खाली मुलं क्रिकेट खेळायची, वर या दोघांची भांडणं. आप्पांनी आतला ओटा उभ्यानं स्वयंपाक करायच्या उंचीचा केला होता. काकूंनी तो तोडायला लावला. "मी काय हाटेलात कामाला हाय व्हय, हुबं ऱ्हायला?" मग बसून करायचा ओटा झाला. डब्यांच्या फळ्यांना पुढून पट्टी लागली. झोपायच्या फळ्यांवर गाद्या आल्या, गाद्यांवर चादरी. काकूंनी चटणीच्या बरणीची जागासुद्धा ठरवली.

नाव मात्र आप्पांनी गुपित ठेवलं. ट्रक आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा कुमार पेंटर येऊन गेला, बोटीच्या पाठीवर गोणपाट बांधलं गेलं, आणि कुणी विचारलं तर आप्पा लाजल्यासारखं हसायचे.

दसऱ्यानंतर धरण भरलं तेव्हा बोट क्रेननं ट्रकवर चढली आणि करमाळ्याच्या बाजूला, जोतिरामच्या केळीच्या बागेशी पाण्यात उतरली. जोतिराम त्यांचा दूरचा पाहुणा. काठावर शंभरेक माणसं जमली होती. काकू नऊवारी नेसून, ताटात हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. बोटीत चढायची शिडी पाठीमागच्या बाजूला होती. आप्पांनी गोणपाट ओढलं.

निळ्यावर पिवळ्या अक्षरात, खाली सावली देऊन, कुमारनं लिहिलं होतं: मायाक्का.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं.

त्यांनी नावाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, वाकून नमस्कार केला, आणि मागं जाऊन जोतिरामच्या पंपाजवळच्या दगडावर बसल्या. आप्पा शिडी धरून उभे होते. चल म्हणाले. काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"द्येवीच्या नावावर पाय द्यू म्हनता?"

चिंचलीची मायाक्का ही मेंढरावाल्या घरांची देवी. काकूंना तिचंच नाव ठेवलेलं. आप्पांच्या मनात देवी नव्हतीच. त्यांच्या मनात ताटात नारळ घेऊन आलेली ही बाई होती. ते तसं म्हणालेसुद्धा, सगळ्यांसमोर, खालच्या आवाजात. "द्येवीचं न्हाय गं. तुजं लिवलंय."

"माजं तरी कुटं हाय ते? तिच्याकडनं उसनं घेतल्यालं हाय."

त्या दिवशी बोट आप्पांनी एकट्यानंच फिरवून आणली.

पुढचे दीड-दोन महिने हा वाद आमच्या गल्लीत चालला. आप्पा शनिवारी उजनीवरून यायचे, सोमवारी जायचे, आणि मधले दोन दिवस युक्तिवाद. मायाक्का ट्रान्स्पोर्ट आहे, तिच्या ट्रकवर नाव आहे, त्याचं काय? काकू म्हणाल्या, "ते कपाळावर हाय. चाकाखाली न्हाय." देवळात आपण पायानंच जातो की. काकू म्हणाल्या, देवळात जाऊन कुणी संसार मांडत नाही. "तिच्या अंगावर झोपायचं, तितंच आंघूळ करायची, आनि तुमी तंबाखू थुकनार." नाव पुढच्या बाजूला लिहून घेऊ का, असं मी विचारलं. एका वेळी दोघंही माझ्याकडे वळले. आप्पांचं म्हणणं, पाठीवरचं पुसल्याशिवाय पुढं कसं लिहिणार. काकूंचं म्हणणं, पुढं लिहा नाहीतर वर, बोट तिचीच झाली ना. महानंदानं पुण्याहून फोनवर सुचवलं की आधी 'श्री' लावा, मान राहील. काकूंनी फोन माझ्याकडे दिला आणि त्या आत गेल्या.

गंमत अशी की त्या आप्पांवर रागावलेल्या नव्हत्या. रविवारी त्यांच्यासाठी कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, चिवडा बांधून ठेवायच्या. डब्यावर डबा, जहाजावर पाठवायच्या तसाच. एका सोमवारी पिशवी देताना त्यांनी पिशवीचे बंद सोडलेच नाहीत. आप्पांच्या हातातही बंद, काकूंच्या हातातही. "पुन्ना तसंच झालं की वो," त्या म्हणाल्या. "तुमी तितं, मी हितं."

आप्पा पिशवी घेऊन स्टँडच्या रिक्षात बसले.

त्या आठवड्यात शनिवार आला, आप्पा आले नाहीत. रविवारी सकाळी जोतिरामचा फोन आला तेव्हा मी काकूंच्या ओट्यावरच होते, म्हणून फोन मी घेतला. त्यानं हसत हसत सांगितलं की आप्पा कालपासून पाण्यात कमरेएवढे उभे राहून बोटीची पाठ घासत होते. आता पाटी कोरी आहे. "नाव हाय, पर नाव न्हाय, असं झालंय. मी म्हनलं आमच्या केळीच्या गाडीचं तरी लिवा. तर म्हनले, आता हिला कायबी लिवायचं न्हाय. वारा सुटला की तसाच जातो म्हनत्यात."

मी फोन कानाला ठेवूनच हे काकूंना सांगितलं. त्यांनी हातातला पोळपाट खाली ठेवला.

"नाव खरवडलं? त्यांनी?"

"हो, स्वतःच."

"आनि एकलेच चाललेत?"

डोलकाठीची गोष्ट पळी नाचवून सांगणाऱ्या काकू त्या दिवशी हसल्या नाहीत. जोतिरामला म्हणावं, मी येईस्तोवर त्यांना सोडू नको, एवढं त्यांनी मला सांगायला लावलं. कसं थांबवायचं, असं त्यानं विचारलं. काकूंनी फोन घेतला. "जेवाय बसीव. केळी दे. काईबी कर."

माझ्या भावाची गाडी होती, ती मीच काढली. पीठ लागलेल्या हातानंच काकू गाडीत बसल्या. टेंभुर्णीपर्यंत रस्ता मोकळा होता. पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, रस्ता अडवून. काकू काचेतून त्या उसाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यो मानूस ऱ्हात्या घराला कधी चौकटीला नारळ बांधनार न्हाय. अमुशा बगनार न्हाय. सगळ्या जगात त्येला येकच भ्याव हाय बग."

"तुम्ही तर हसता त्याला."

"मी हसती. त्येला खरं वाटतंय न्हवं." थोड्या वेळानं, "लवकर काढ की गाडी, पोरी."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललेलं होतं, दूर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी पट्टी दिसत होती, आणि आप्पा बोटीच्या पाठीवर पाय सोडून केळं खात बसले होते. बाजूला सालींचा ढीग. जोतिरामनं निरोप मनावर घेतला होता. निळ्या रंगावर मधोमध एक पांढुरका, खरखरीत पट्टा होता. कुमारच्या सावलीदार अक्षरांचा मागमूस नव्हता.

काकू काठाशी गेल्या. पाणी पावलांना लागलं तिथं थांबल्या. नवरा-बायकोत चार-सहा हात पाणी.

"आवं, नाव कुटं गेलं?"

"काडलं."

"का?"

"तुला चालत न्हवतं."

"आनि तुमाला चालतंय व्हय, पुसल्यालं?"

आप्पांनी केळ्याचं साल नीट घडी केल्यासारखं दुमडलं. "न्हाय चालत," ते म्हणाले. "पर निम्मी बोट रिकामी घिऊन फिरायचं तेबी न्हाय चालत. दोनातलं येक म्हनलं सोडावं. काय हुईल ते हुईल."

"काय हुईल ते एकल्यानंच बगनार व्हता?"

"तू येत न्हाईस म्हनल्यावर."

काकूंनी चपला काढल्या, मागं न बघता माझ्या दिशेनं सरकवल्या, आणि लुगडं वर खोचून पाण्यात शिरल्या. आप्पा धडपडत उठले, शिडी खाली सोडली. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी काकूंनी तो खरखरीत पांढरा पट्टा हातानं चाचपला आणि हात कपाळाला लावला.

"आता कशाला?" आप्पा म्हणाले. "तितं कोन न्हाय."

"गेली असली तरी सांगून जावं मानसानं." आणि चढताना, अर्ध्या शिडीवरून, दम खात, "काठीकडं ध्यान ठिवा. मी हाय बसल्याली खाली."

शीड चढलं. आधी नुसतंच फडफडलं, मग वाऱ्यानं त्याचं पोट भरलं, आणि बोट हळूच एका अंगावर कलली. काकूंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. आप्पा सुकाणूवर होते, पण नजर आलटून पालटून डोलकाठीच्या टोकावर आणि काकूंवर. काठावर जोतिराम माझ्या शेजारी उभा राहून प्रत्येक गोष्टीचं समालोचन करत होता: आता वळली, आता सरळ झाली, आता काकूंनी पदर खोचला. मग ती इतकी लांब गेली की त्यालाही सांगण्यासारखं काही उरलं नाही.

अर्ध्या-पाऊण तासानं वारा पडला. केळीची पानं एकदम गप्प झाली, पाणी तेल ओतल्यासारखं सपाट. बोट तिथंच, धरणाच्या मधोमध, शीड लोंबतं ठेवून थांबली. आम्ही वाट बघितली. बोटीला छोटं इंजिन आहे. वारा नसला की आप्पा तेच लावून परत येतात. इंजिनाचा आवाज काही येईना. जोतिरामचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. तो म्हणाला, बिननावाची आहे, उगंच कशाला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी फोन लावला.

फोन उचलला गेला, पण पलीकडून काहीच आवाज नाही. नुसतं पाणी फायबरवर हलकं थापटत होतं.

"आप्पा? काय झालं? इंजिन बंद पडलं का?"

"न्हाय," आप्पा कुजबुजले.

"मग? काकू बऱ्या आहेत ना?"

"झोपलीया." इतक्या हळू की मला फोन कानात खुपसावा लागला. "खाली गेली हुती, डबं नीट लावले, म्हनली जरा पाठ टेकती. तशीच झोपली. हाताला पीठ हाय अजून."

"पण तुम्ही परत कधी येणार? ऊन उतरलंय."

"वारा आला की."

"इंजिन लावा ना आप्पा."

पलीकडं पुन्हा पाण्याची थापट. मग आप्पा जवळजवळ रागावून, पण तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, "आवाज करतंय ते. उठंल की ती. तुमी जेवून घ्या जोतिरामकडं."